पोटाच्या आजारांवरील संशोधनासाठी लोकप्रतिनिधींकडे नेमके काय मागावे?

प्रश्न: नाशिक शहर आणि आसपासच्या तालुक्यांतील अल्सरेटिव्ह कोलायटिस, क्रोन्स (हे दोन्ही आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचे आजार) आणि आयबीएस (तपासण्यांत दोष न दिसणारा पोटाचा विकार) यांच्या रुग्णांचा आमचा एक लहान गट आहे. अमेरिकेत अशा रुग्णांनी थेट संसद सदस्यांना भेटून संशोधनासाठी निधी मागितल्याचे आमच्या वाचनात आले. आपल्याकडे आमदार-खासदारांना भेटून असे काही साध्य होईल का? निवेदनात काय लिहावे आणि ते कोणाकडे द्यावे?

उत्तर: साध्य होण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र ‘पोटाच्या आजारांवरील संशोधनासाठी निधी द्यावा’ एवढ्याच मागणीचे निवेदन आपण दिलेत, तर त्यावर आवक क्रमांक पडेल, हार-तुऱ्यांसह छायाचित्र निघेल आणि विषय तेथेच थांबेल. लोकप्रतिनिधी उदासीन असतात म्हणून असे होते, असे मी म्हणणार नाही. संशोधनाला पैसा देण्याचा अधिकार आपल्याकडे खासदाराच्या किंवा आमदाराच्या हातात जवळजवळ नसतो. सरकारला प्रश्न विचारून लेखी उत्तर मिळवण्याचा अधिकार मात्र असतो, आणि तो रुग्णांच्या गटांनी फारसा वापरून घेतलेला नाही. नाशिकमध्ये पोटविकारांची प्रॅक्टिस करताना आणि रुग्णांच्या शिष्टमंडळांना मदत करताना माझे मत असे झाले आहे की, लोकप्रतिनिधीकडे जाताना निधीची मागणी न नेता, सभागृहात विचारता येईल असा तयार प्रश्न न्यावा.

अमेरिकेचे उदाहरण आपण दिले आहे, म्हणून तेथील व्यवस्था आधी पाहू. क्रोन्स आणि कोलायटिसच्या रुग्णांची तेथील मोठी संस्था १९६७ सालची आहे. आयबीएससारख्या, तपासण्यांत दोष न दिसणाऱ्या पण माणसाला जेरीस आणणाऱ्या विकारांसाठी १९९१ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झाले. या प्रतिष्ठानाच्या पाठपुराव्यातून २०११ मध्ये तेथील प्रतिनिधिगृहात ‘एच. आर. २२३९’ या क्रमांकाचे विधेयक मांडले गेले. पचनसंस्थेच्या कार्यात्मक (रचनेत दोष न दिसता कामात बिघाड होणाऱ्या) आणि आतड्यांच्या हालचालींच्या विकारांवरील संशोधन वाढवावे, असा त्याचा आशय होता. ते कायद्यात उतरले नाही, पुढे पुन्हा मांडावे लागले, तरीही त्या निमित्ताने अनेक सदस्यांच्या कार्यालयांत या आजारांची नावे प्रथमच पोहोचली.

त्याच वर्षीची दुसरी घटना मला अधिक बोलकी वाटते. १९९०-९१ च्या आखाती युद्धावर गेलेल्या सैनिकांमध्ये आयबीएससारखे विकार जास्त आढळतात, हा दुवा वैद्यकीय समितीने मान्य केल्यानंतर, २०११ मध्ये अमेरिकी सरकारने हे विकार त्या सैनिकांच्या बाबतीत सेवेशी निगडित धरण्याचा नियम केला. ज्या आजाराला ‘मनाचे खेळ’ म्हणून हसण्यावारी नेले जात होते, त्याला निवृत्त सैनिकांच्या लाभांच्या नियमात जागा मिळाली. या घटनेतील उपयोगाची बाब अशी की, येथे नव्या निधीची मागणी एकटीने उभी नव्हती. सैनिकांसाठीची व्यवस्था आधीच अस्तित्वात होती आणि पोटाच्या आजारांचा प्रश्न तिच्याशी जोडला गेला.

आपली व्यवस्था वेगळी आहे. अमेरिकेत काँग्रेसचे सदस्य स्वतः खर्चाचे आकडे लिहितात, वाढवतात आणि कोणत्या विषयाकडे लक्ष द्यावे याच्या सूचना अहवालात घालतात. आपल्याकडे राज्यघटनेच्या ११३ व्या अनुच्छेदानुसार अनुदानाची मागणी राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय, म्हणजे प्रत्यक्षात सरकारच्या इच्छेशिवाय, मांडताच येत नाही, आणि मांडलेली मागणी लोकसभा मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू शकत नाही. राज्यातही २०३ व्या अनुच्छेदाखाली हेच चालते. त्यामुळे एखाद्या खासदाराने आपल्याला मनापासून ‘मी निधी आणतो’ असे सांगितले, तरी तो संशोधनाचा निधी आणण्याचा मार्ग त्यांच्यापुढे नसतो. खासदार निधीविषयी हमखास विचारले जाते, म्हणून सांगतो: वर्षाला पाच कोटी रुपयांचा हा निधी टिकाऊ स्वरूपाच्या कामांसाठी आहे. त्यातून शासकीय रुग्णालयाला एंडोस्कोपीचे यंत्र मिळू शकते, संशोधन प्रकल्प चालू शकत नाही.

वैद्यकीय संशोधनाचा केंद्रीय पैसा मुख्यतः आरोग्य मंत्रालयाच्या आरोग्य संशोधन विभागामार्फत येतो. हा विभाग २००७ मध्ये वेगळा झाला आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, त्याच्या अखत्यारीत आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात आरोग्य मंत्रालयाच्या सुमारे ९९,८५८ कोटी रुपयांपैकी या विभागाच्या वाट्याला सुमारे ३,९०० कोटी रुपये होते, म्हणजे चार टक्क्यांच्या आसपास. या चार टक्क्यांत सगळे आजार आले. त्यातला वाटा कोणाला द्यायचा हे तज्ज्ञांच्या समित्या प्रस्ताव पाहून ठरवतात आणि ते तसेच असावे, असे मला वाटते; राजकीय शिफारशीवर संशोधनाचे विषय ठरू लागले, तर पहिला फटका आपल्यासारख्या अनाकर्षक आजारांनाच बसेल. लोकप्रतिनिधीचा उपयोग त्याच्या आधीच्या टप्प्यावर आहे. एखादा आजार सरकारच्या यादीत आहे की नाही, त्याची मोजदाद होते की नाही, त्यासाठी संशोधनाचे प्रस्ताव मागवले गेले की नाही, हे वदवून घेणे त्यांना शक्य असते.

आपल्या देशात रुग्णांच्या संघटनांना यश मिळालेच नाही, असे नाही. हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकल सेल हे रक्ताचे आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट झाले. दुर्मीळ आजारांच्या रुग्णांनी आणि पालकांनी न्यायालयाची पायरी चढल्यानंतर २०२१ मध्ये राष्ट्रीय धोरण आले आणि २०२२ पासून त्याखाली ठरावीक केंद्रांमध्ये पन्नास लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळण्याची सोय झाली. यकृताच्या बाबतीत पाहायचे, तर जुलै २०१८ मध्ये विषाणूजन्य कावीळ नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २०२१ मध्ये चरबीयुक्त यकृताचा विकार असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाला जोडला गेला. या सर्व उदाहरणांत हक्क, उपचार किंवा कार्यक्रम आधी आला आणि संशोधनाला वाट त्या मागोमाग मिळाली. म्हणून निव्वळ संशोधनासाठी नवे दार ठोठावत बसण्यापेक्षा, जे कार्यक्रम आधीपासून चालू आहेत त्यांच्यात आपल्या आजाराचा प्रश्न कोठे बसतो, हे शोधावे.

असा एक प्रश्न आतड्याच्या क्षयाचा आहे आणि तो मी आपल्या निवेदनात पहिल्या क्रमांकावर घालीन.

आपल्या गटातील क्रोन्सच्या रुग्णांना विचारून पाहा. त्यांच्यापैकी अनेकांनी निदान पक्के होण्याआधी क्षयाच्या गोळ्या घेतलेल्या असतील. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स हे दोन्ही आजार बहुधा लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते त्या भागात ठाण मांडतात. दोन्हींत पोटदुखी, ताप आणि वजन घटणे असते, आतड्यात व्रण होतात, आतडे अरुंद होते. कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने आतडे आतून पाहताना, दिसणारे चित्र पुष्कळदा सारखे असते. तुकडा काढून तपासला तरी क्षयाचे जंतू दर वेळी सापडतात असे नाही, कारण आतड्याच्या क्षयात जंतूंची संख्या मुळातच कमी असते आणि त्यामुळे जनुकीय चाचणीही अनेकदा निगेटिव्ह येते. अशा वेळी डॉक्टर क्षयाची औषधे सुरू करतात आणि काही महिन्यांनी पुन्हा स्कोपी करून व्रण भरले की नाहीत ते पाहतात. ज्या देशात जगातील एक चतुर्थांशाहून अधिक क्षयरुग्ण आहेत, तेथे हा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही, कारण क्षय असताना स्टेरॉइड किंवा बायोलॉजिक इंजेक्शन (दोन्ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे) दिले तर क्षय शरीरभर पसरण्याचा धोका असतो. पण आजार क्रोन्स असेल, तर ते महिने वाया जातात, तेवढ्यात आतडे आणखी आवळते आणि काहींच्या यकृताला गोळ्यांचा त्रास होतो तो वेगळाच.

हा प्रश्न भारताचा आहे. ज्या श्रीमंत देशांत क्षय जवळजवळ संपला आहे, त्यांना तो सोडवण्याची निकड नाही. म्हणून ‘संशोधन परदेशात होतेच आहे, आपण वेगळे कशाला करायचे?’ या नेहमीच्या आक्षेपाला हा प्रश्न परस्पर उत्तर देतो. शिवाय त्याची माहिती सरकारकडे जमा होत असते. क्षयरुग्णाची नोंद करणे २०१२ पासून बंधनकारक आहे आणि ‘निक्षय’ प्रणालीत फुप्फुसाबाहेरचा क्षय कोणत्या अवयवाचा आहे, हे भरले जाते. पोटाच्या क्षयाचे किती रुग्ण नोंदले गेले, त्यांपैकी किती जणांचे निदान नंतर बदलले आणि निदान बदललेल्यांचे पुढे काय झाले, असे खासदारांनी विचारले, तर आरोग्य मंत्रालयाला उत्तरासाठी स्वतःचीच कागदपत्रे उघडावी लागतील. नोंद नसेल, तर नोंद नाही असे तरी लिहून द्यावे लागेल.

दुसरा विषय मोजदादीचा. एका आमदारांच्या संपर्क कार्यालयात आमच्यासोबत सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा कोलायटिसचा एक तरुण होता. शिफ्टमध्ये मशीन सोडून किती वेळा शौचालयात गेला याची सुपरवायझर कशी नोंद ठेवतो आणि महिनाअखेरीस पगार कसा कापला जातो, हे त्याने मोजक्या वाक्यांत सांगितले. आमदारांनी मध्येच न थांबवता ऐकले आणि मग एकच विचारले, ‘आपल्या जिल्ह्यात असे किती जण आहेत?’ शिष्टमंडळातील प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहू लागला. प्रश्न अगदी रास्त होता, आणि तो तसाच्या तसा सरकारला विचारा, असे तेव्हा त्यांना सांगता आले असते.

अशी मोजदाद करता येते. पंजाबमध्ये लुधियानाच्या डॉक्टरांनी घरोघरी जाऊन ५१,९१० लोकांची पाहणी केली आणि त्यांत अल्सरेटिव्ह कोलायटिसचे २३ रुग्ण आढळले, म्हणजे लाखामागे सुमारे ४४. हा अभ्यास २००३ मध्ये ब्रिटनमधील प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि भारतात हा आजार नगण्य आहे या समजुतीला त्याने धक्का दिला. त्यासाठी प्रश्नावली, प्रशिक्षित कार्यकर्ते आणि संशयितांची स्कोपी करण्याची सोय एवढे लागले. पंजाबचे प्रमाण नाशिकला जसेच्या तसे लावून ‘जिल्ह्यात इतके हजार रुग्ण’ असे कृपया लिहू नका. खाणेपिणे वेगळे, लोकवस्ती वेगळी, आणि विरोधात बसलेला एखादा जाणकार अधिकारी नेमके तेवढेच वाक्य उचलून धरतो.

आयबीएसच्या रुग्णांना येथे थोडे मागे राहावे लागेल, हे मी स्पष्टच लिहितो. तेहतीस देशांतील ७३,००० हून अधिक प्रौढांच्या जागतिक पाहणीत, इंटरनेटवरून प्रश्न विचारलेल्या देशांमध्ये चाळीस टक्क्यांहून अधिक लोकांना पचनसंस्थेचा कोणता ना कोणता कार्यात्मक विकार असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. आकडा इतका मोठा असला की ऐकणाऱ्याला आजाराचे गांभीर्य उलट कमी वाटते; ‘ॲसिडिटी कोणाला नाही?’ असे म्हणून विषय हसण्यात जातो. म्हणून पहिल्या भेटीत आतड्याच्या दाहाचे रुग्ण आणि क्षयाचा प्रश्न पुढे ठेवा. आयबीएसचा विषय कामाच्या जागी मिळणाऱ्या सवलती आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील निदान या अंगाने नंतर मांडणे सोपे जाते.

आता कोणाकडे जायचे ते पाहू. नाशिक जिल्ह्याला तीन खासदार आहेत, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते: नाशिक, दिंडोरी, आणि मालेगाव व बागलाण हे भाग ज्यात येतात तो धुळे मतदारसंघ. आपल्या गटात निफाड, येवला, मालेगाव अशा वेगवेगळ्या तालुक्यांतील माणसे असतील, तर तिन्ही खासदारांना त्यांच्या त्यांच्या मतदारांमार्फत भेटता येईल, आणि एकच प्रश्न तीन सदस्यांकडून गेला तर तो पटलावर येण्याची शक्यता वाढते. आयसीएमआर, आरोग्य संशोधन विभाग आणि क्षय कार्यक्रम हे विषय खासदारांचे आहेत. आमदारांकडे जन आरोग्य योजना, जिल्हा रुग्णालयातील सोयी आणि आपल्याच शहरात, म्हसरूळला मुख्यालय असलेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ हे विषय न्यावेत.

विद्यापीठाचा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाशी राज्यभरातील वैद्यकीय महाविद्यालये संलग्न आहेत आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. जनऔषधवैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन), मेडिसिन आणि शल्यचिकित्सा या विषयांच्या विद्यार्थ्यांनी आतड्याच्या दाहाची पाहणी समान प्रश्नावलीने वेगवेगळ्या जिल्ह्यांत केली, तर फारसा वेगळा निधी न लागता राज्याचे पहिले ढोबळ चित्र हाती येऊ शकते. त्यासाठी मागणी एवढीच करायची की विद्यापीठाने हा विषय प्राधान्याच्या यादीत घ्यावा आणि प्रश्नावली ठरवण्यासाठी तज्ज्ञांची एक बैठक बोलवावी. ही मागणी लहान आहे, त्यामुळे नाकारायला कारण शोधावे लागते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि प्रत्येक दाव्याची संगणकीय नोंद असते. कोलायटिसमुळे मोठे आतडे काढावे लागलेले किंवा आतडे अडल्यामुळे शस्त्रक्रिया झालेले रुग्ण त्या नोंदींत आहेत. सरकारने आधीच गोळा केलेल्या या माहितीसाठी माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज पुरतो आणि तीस दिवसांत उत्तर अपेक्षित असते. व्यक्तीची नावे मागू नका. जिल्हानिहाय संख्या, वय आणि उपचाराचा प्रकार एवढेच मागा. हा अर्ज लोकप्रतिनिधीला भेटण्यापूर्वी करावा, म्हणजे भेटीच्या वेळी हातात काहीतरी असते, मग ते ‘माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर का असेना.

निवेदनासोबत तयार प्रश्नाचा मसुदा द्या, असे मी वर म्हटले. विधानसभेच्या प्रश्नांना स्वतःचा एक साचा असतो आणि स्वीय सहायकाला तो साचा हातात मिळाला की त्याचे निम्मे काम होते. उदाहरणादाखल असा मसुदा होईल:

‘(१) राज्यात अल्सरेटिव्ह कोलायटिस व क्रोन्स या आतड्याच्या दीर्घकालीन आजारांच्या रुग्णांची नोंद ठेवणारी कोणतीही यंत्रणा अस्तित्वात नाही, हे खरे आहे काय, (२) महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेअंतर्गत मागील तीन वर्षांत या आजारांसाठी उपचार घेतलेल्या रुग्णांची जिल्हानिहाय संख्या किती आहे, (३) नाशिक जिल्हा रुग्णालयात या आजारांच्या निदानासाठी कोलोनोस्कोपीची सुविधा व प्रशिक्षित डॉक्टर उपलब्ध आहेत काय, (४) नसल्यास, ती उपलब्ध करून देण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

दुसऱ्या उपप्रश्नाच्या आरंभी ‘असल्यास’ हा शब्द मी मुद्दाम घातलेला नाही. तो घातला, तर पहिल्याला ‘हे खरे नाही’ आणि दुसऱ्याला ‘प्रश्न उद्भवत नाही’ अशी दोन ओळींची उत्तरे देऊन विभाग मोकळा होतो. पहिला उपप्रश्नही असा रचला आहे की ‘खरे नाही’ म्हटले, तर यंत्रणा कोणती ते दाखवावे लागते आणि ‘खरे आहे’ म्हटले, तर ती कबुली पुढच्या पत्रव्यवहारात आपल्या कामी येते. विद्यापीठाचा मुद्दा या प्रश्नात घालू नका, कारण तो वैद्यकीय शिक्षण विभागाचा आहे. दोन विभागांचे विषय एका प्रश्नात आले की प्रश्न या विभागाकडून त्या विभागाकडे फिरत राहतो आणि अधिवेशन संपते. त्यासाठी वेगळा प्रश्न करा.

लोकसभेसाठी मसुदा दीडशे शब्दांच्या आत बसवावा लागतो आणि सूचना किमान पंधरा दिवस आधी जावी लागते. तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मिळणारे, प्रश्न दिवसाला वीसच लागतात आणि तेही सोडतीने. त्यामुळे तारांकितचा आग्रह धरू नये; अतारांकित प्रश्नालाही लेखी उत्तर मिळते आणि आपल्याला हवे असते ते लेखी उत्तरच. खासदार बोलण्यास उत्सुक असतील, तर नियम ३७७ खाली विषय मांडण्याची सोय आहे. आरोग्यविषयक संसदीय स्थायी समितीला अर्थसंकल्पाच्या काळात पत्र पाठवणेही उपयोगाचे ठरते. ही समिती आरोग्य संशोधन विभागाच्या मागण्या तपासते, तिच्या बैठका कॅमेऱ्यापुढे होत नाहीत, आणि म्हणून सदस्य तेथे पक्ष बाजूला ठेवून बोलतात. समितीत कोणाची नेमणूक आहे ते संसदेच्या संकेतस्थळावर पाहून, राज्यातील जे सदस्य असतील त्यांनाच पत्र लिहावे.

भेटीविषयी काही व्यावहारिक गोष्टी. संपर्क कार्यालयात सकाळी बदल्यांची, पाण्याची, रस्त्यांची आणि सध्या सिंहस्थाच्या कामांची गर्दी असते. आपल्या वाट्याला चार-पाच मिनिटेच येतात. एकच माणूस बोलेल असे आधी ठरवा. एका पानाचे निवेदन, दुसऱ्या पानावर प्रश्नाचा मसुदा, तिसऱ्यावर माहिती अधिकाराचे उत्तर, इतकेच कागद न्या. कोलोनोस्कोपीच्या रंगीत छायाचित्रांची फाइल घरीच ठेवा. स्वीय सहायकाचे नाव व नंबर घ्या आणि सहा-सात दिवसांनी त्यांनाच फोन करा, कारण प्रश्न प्रत्यक्षात तेच टाइप करणार असतात. सिंहस्थाला अडथळा समजू नका. २०२७ च्या पर्वासाठी प्रशासनाचे सारे लक्ष साथीच्या जुलाबावर असेल, आणि पोटाच्या तक्रारींची नोंद ठेवण्याची व्यवस्था उभी राहतेच आहे, तर त्यात दीर्घकालीन रुग्णांसाठी एक रकाना ठेवावा, असे सुचवण्याची हीच वेळ आहे.

मुंबईला मंत्रालयात किंवा अधिवेशनासाठी नागपूरला जायचे ठरले, तर कोणी जायचे हे आजाराची अवस्था पाहून ठरवा. प्रवेशपासच्या रांगेत तासभर उभे राहणे आणि शौचालय कोठे आहे हे ठाऊक नसणे, हे आजार उसळलेल्या रुग्णाला झेपत नाही. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी निघालेले आमचे एक गृहस्थ आदल्या दुपारपासून उपाशी होते, कारण त्यांना रस्त्यात त्रास नको होता. मंत्रालयाच्या दालनाबाहेर त्यांना भोवळ आली. आजार आटोक्यात असलेल्यांनी जावे आणि बाकीच्यांच्या वतीने पत्रे न्यावीत. स्त्रियांचा सहभाग आवर्जून असावा. लग्न ठरण्याच्या वयातल्या मुली हा आजार घरातल्यांपासूनही लपवतात, आणि हे पुरुष प्रतिनिधीने सांगितले तर ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

पैशाविषयी एक सावधगिरी. बायोलॉजिक इंजेक्शने विकणाऱ्या कंपन्यांना रुग्णांच्या गटांमध्ये रस असतो. प्रवासखर्च, बॅनर, चहापाणी यांची तयारी त्यांच्याकडून सहज दाखवली जाते, आणि हळूहळू निवेदनातील संशोधनाची मागणी मागे पडून एका विशिष्ट औषधाचा योजनेत समावेश करण्याची मागणी वर येते. औषध योजनेत यावे, ही मागणी चुकीची नाही. ती वेगळ्या कागदावर, वेगळ्या दिवशी आणि स्वतःच्या खर्चाने करावी. डॉक्टरांनाही पुढे बसवू नका, मलासुद्धा. डॉक्टर दिसला की लोकप्रतिनिधी त्याला यंत्र किंवा पद मागायला आलेला समजतात.

द्राक्षपट्ट्यातील आपले काही सदस्य ‘फवारणीमुळे हा आजार होतो का?’ असे विचारतात आणि ते निवेदनात यावे असा त्यांचा आग्रह असतो. शंका नैसर्गिक आहे आणि कधीतरी तिचा अभ्यास व्हावा. पण पहिल्याच निवेदनात ती घातली, तर चर्चा बागायतदार, निर्यात आणि कीटकनाशके यांवर जाईल आणि आतडे बाजूला राहील. मोजदाद झाली की हा प्रश्न तिच्या आधाराने विचारता येईल.

दिल्लीत एखाद्या अधिकाऱ्याने ‘या विषयात भारताचे काम ते काय?’ असे विचारले, तर त्यांना इतिहास सांगायला हरकत नाही. कॉलऱ्याचे विष कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवले, आणि १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने हजारो जीव वाचवले. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. जंतुसंसर्गाच्या बाबतीत या देशाने जगाला शिकवले आहे. दीर्घकालीन दाहाच्या बाबतीत तेवढीच गांभीर्यपूर्वक सुरुवात व्हावी, एवढेच आपण म्हणतो आहोत.

उत्तर आल्यानंतरचे काम बहुतेक गट करत नाहीत. ‘माहिती संकलित करण्यात येत आहे व ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल’ असे उत्तर मिळाले की लोक निराश होतात. प्रत्यक्षात ते आश्वासन मानले जाते. लोकसभेत अशा आश्वासनाची पूर्तता तीन महिन्यांत करायची असते आणि त्यासाठी सरकारी आश्वासन समिती आहे. राज्याच्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. उत्तराची प्रत, प्रश्नाचा क्रमांक आणि तारीख एका फाइलमध्ये ठेवा, मुदत उलटल्यावर त्याच सदस्यामार्फत समितीला पत्र पाठवा आणि त्या पत्राची प्रत संबंधित विभागाच्या सचिवांना द्या. गटातील एकाच व्यक्तीकडे ही फाइल असावी, शक्यतो निवृत्त कर्मचारी किंवा शिक्षक, ज्यांना सरकारी पत्राला क्रमांक-तारीख घालून उत्तर लिहिण्याची सवय आहे. आपल्या गटातून असे नाव ठरले की माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदा तपासून देण्यास मी तयार आहे.